आश्विनातली मुंबई: परिषदेच्या निमित्ताने पाच दिवस

रविवार

दसऱ्याच्या संध्याकाळी परभणीला देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसले, म्हणजे सीमोल्लंघन रीतसर झालं. रात्री मनमाडच्या आसपास अंगावर चादर ओढली होती. सकाळी कल्याण मागे पडलं आणि मानेवर घाम फुटला. समोरच्या काकू मुलाला उठवत म्हणाल्या, "चल रे, अंग चिकट झालं, मुंबई आली."

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. गेली काही वर्षं मुलांना घेऊन आमच्या कॉलेजच्या आवारातल्या झाडांच्या नोंदी ठेवते आहे: कुठलं झाड कधी कळ्या धरतं, कधी फुलतं, पानं कधी टाकतं. त्याच नोंदींवर चर्चगेटजवळच्या एका महाविद्यालयात, तीन दिवसांच्या परिषदेत, मला निबंध वाचायचा होता. निमंत्रणासोबत माहितीचं एक पान आलं होतं आणि त्यात 'ऑक्टोबरमध्ये मुंबईची हवा आल्हाददायक असते' असं छापलं होतं. त्या एका वाक्यावर विसंबून कितीतरी जण कोट आणि जाकिटं घेऊन आले. मीही शाल आणली होती.

हवा आल्हाददायक असते, पण ठरावीक वेळेलाच. मुंबईतला शरद पहाटे भेटतो आणि दिवेलागणीनंतर भेटतो. मधले सात-आठ तास ग्रीष्माचे. परिषदेला आलेला पाहुणा सकाळी घाईघाईने सभागृहात शिरतो, जेवणाच्या सुट्टीत नेमका उन्हात शहर बघायला निघतो आणि संध्याकाळी दमून झोपतो. त्याच्या वाट्याला शरद येतच नाही. माझ्या वाट्याला आला, तो आत्यामुळे.

आत्या गिरगावात राहते, चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. मी पोचले तेव्हा गॅलरीच्या कठड्यावर गाद्या, उशा, गोधड्या पसरलेल्या. चार महिने पावसाने घरात ओल धरलेली असते. सांताक्रूझला जून ते सप्टेंबर सरासरी २,३०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. आमच्याकडे अख्ख्या वर्षात त्याच्या निम्माही नाही. त्यामुळे हे ऊन इथे नुसतं सोसायचं नसतं, वापरायचंही असतं. डाळी-तांदूळ ताटात, लोणच्याच्या बरण्या कडेला, शाळेच्या जुन्या वह्या उघड्या करून. समोरच्या चाळीच्या कठड्यांवरही तेच.

"पाया नको पडूस आधी, हातपाय धू," आत्या म्हणाली. मग देव्हाऱ्यापुढून दोन पानं उचलून माझ्या हातावर ठेवली. "सोनं घे. काल नव्हतीस, म्हणून राखून ठेवलंय."

सवयीने पान उलटं करून पाहिलं. आपट्याचं पान लहान असतं, दोन इंच रुंद भरलं तर भरलं. जाडसर, हाताला थोडं चामड्यासारखं, आणि दोन पाळ्या अशा जोडलेल्या की मधल्या शिरेवर दुमडली तर एकावर एक बसतात. बाजारात पुष्कळदा कांचनाची पानं आपटा म्हणून खपवतात. ती मोठी आणि पातळ असतात, दोन दिवसांत वाळून कडा वळतात. आत्याने दिलेल्यांपैकी एक आपटा होता, दुसरं कांचन. मी काही बोलले नाही, दोन्ही वहीत ठेवली.

नवरात्राचे नऊ दिवस आणि दसरा आटोपल्यावर आलेला हा पहिला रविवार. आत्याच्या सासरचे मूळ मालवणचे, त्यामुळे त्या दिवशी घरात बांगड्याचं तिखलं. दादा सकाळी सातला बाजारात गेला तरी रांग होती म्हणे. तिखल्यात तिरफळं होती, ताजी हिरवी. पाऊस संपता संपता कोकणातून तिरफळं येतात आणि गिरगावातल्या मालवणी घरांना ती कुठे मिळतात ते बरोबर ठाऊक असतं. जिभेच्या टोकाला ती बारीक मुंगी येते ना, ती मला परभणीत कधीच अनुभवता येत नाही. नंतर वाटीभर सोलकढी. आत्याच्या मते ऑक्टोबरात दुपारी सोलकढी नसेल तर जेवण पुरं होत नाही, आणि चार दिवसांनी माझंही तेच मत झालं.

जेवणानंतर गॅलरीत बसलो होतो. दोरीवर साड्या आणि टॉवेल वाळत होते, टोकं चर्नी रोडच्या बाजूला उडत होती. आत्या सुपारी कातरता कातरता मधूनच त्यांच्याकडे बघत होती. दीडच्या सुमारास वारा पडला. कपडे सरळ खाली लोंबले. गॅलरीत बसवेना. पाच-दहा मिनिटं अशी गेली आणि मग एका टॉवेलचं टोक हलकेच उलट बाजूला, काळबादेवीकडे, उचललं गेलं. पाठोपाठ सगळीच दोरी तिकडे फुगली.

"वळले कपडे," आत्या म्हणाली. "आता जीव लागेल."

शाळेच्या भूगोलात आपण शिकलो ते खारे वारे आणि मतलई वारे हेच. मी ते फळ्यावर बाणांनी काढलेले पाहिले होते. टॉवेलावर पहिल्यांदा पाहिले. आत्याचा हिशोब साधा आहे. कपडे बाराच्या आत वळले तर दिवस बरा. दोन वाजले तर त्या दिवशी डोकं दुखणार.

सोमवार

पहाटे साडेपाचला दादाने उठवलं आणि चौपाटीवर नेऊन सोडलं. तिथून चर्चगेटपर्यंत समुद्राच्या कडेने चालत जायचं, असं त्याने ठरवूनच ठेवलं होतं. चौपाटीवर लोकमान्यांचा पुतळा आहे. १ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले आणि त्यांना अग्नी दिला तो इथेच, या वाळूवर. पुतळ्याशी क्षणभर उभी राहिले.

मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर त्या वेळी जी हवा असते ती मी आमच्या गावच्या ऑक्टोबरशी जोडू शकले. घाम नाही. आकाश धुतलेलं, पावसाळ्यातली ती राखाडी साय पूर्ण गेलेली. पाणी संथ, जून-जुलैत कट्ट्यावरून उसळणाऱ्या लाटांचे व्हिडिओ आपण बघतो, तोच समुद्र हा, हे खरं वाटत नाही. मलबार हिलच्या बाजूला इमारतींच्या काचांवर आधी ऊन पडतं, कट्ट्यावर नंतर. तेवढा अर्धा-पाऊण तास हातचा सोडू नये.

सभागृह इतकं थंड ठेवलं होतं की दहा मिनिटांत बोटं गार पडली, आणि चहासाठी बाहेर आलं की चष्म्यावर धुकं. हा आतबाहेरचा खेळ दिवसातून सहा-सात वेळा झाला. दुसऱ्या दिवशी निम्मी परिषद शिंकत होती. पाहुण्यांना मी एवढंच सांगेन: शाल आणा, पण ती मुंबईसाठी नव्हे, सभागृहासाठी. बाकी सगळे कपडे सुती.

संध्याकाळी पाचनंतर काही जण ओव्हल मैदानावर गेलो. आमच्यात हवामानशास्त्रातले एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांना मी आत्याच्या दोरीची गोष्ट सांगितली. त्यांनी ती फार गंभीरपणे ऐकून घेतली.

"तुमच्या आत्याबाई बरोबर सांगतात," ते म्हणाले. "मोसमी वारे असतात तोवर दिवसरात्र समुद्रावरूनच वारं. ते परत फिरले की सकाळी जमिनीवरचं, पूर्वेचं वारं जोर धरतं. ते खाऱ्या वाऱ्याला आत येऊ देत नाही. जितका उशीर, तितका पारा वर. वरती ढग नाही, खाली जमीन अजून ओली. म्हणून तापतंही आणि दमटही होतं."

मुंबईतून पाऊस परत फिरण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे म्हणजे ज्याला सगळी मुंबई 'ऑक्टोबर हीट' म्हणते ते. सरासरी कमाल तापमान ३३-३४ अंशांचं, पण खारं वारं रेंगाळलं की पारा ३५-३६ पर्यंत सहज चढतो.

मग त्यांनी मैदानाकडे हात केला आणि मला तिथे दोन मुंबया दिसल्या. पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ, जुनं सचिवालय: टोकदार कमानी, दगडी नक्षी, आणि राजाबाई टॉवर, उंची ८५ मीटर, १८७८ साली पुरा झालेला. प्रेमचंद रायचंद यांनी पैसा दिला आणि आईचं नाव दिलं. १८६० च्या दशकात किल्ल्याचे तट पाडल्यावर या जागा मोकळ्या झाल्या. त्या वेळी समुद्र मैदानाच्या पश्चिमेला, आज लोकल धावते त्या रुळांच्या जवळ होता. म्हणजे या सगळ्या इमारतींनी तोंडं समुद्राकडे केलेली. त्यांचे खोल व्हरांडे बघा: ऊन बाहेर थांबतं आणि खारं वारं आत येतं. पश्चिमेला मात्र नंतर भर घालून जमीन केली आणि १९३० च्या दशकात आर्ट डेको इमारती उभ्या राहिल्या. गोल कोपरे, फिकट रंग, आणि प्रत्येक खिडकीवर सिमेंटची पुढे आलेली पट्टी, भुवईसारखी. तीही उन्हासाठीच. या दोन्ही बाजू मिळून २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेल्या. मैदानात मुलं क्रिकेट खेळत होती, एकाच वेळी दहा-बारा सामने, कुणाचा चेंडू कुणाचा हे त्यांनाच कळत होतं.

कुलाब्याच्या वेधशाळेची हकीकतही त्यांच्याकडूनच ऐकली. १८२६ मध्ये सुरू झालेली ही वेधशाळा. तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा विजेमुळे त्या नोंदी बिघडतील म्हणून चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये समुद्रापलीकडे अलिबागला नेली. एका शहराच्या ट्रामसाठी नोंदवही खाडी ओलांडून गेली, पण खंडली नाही. आम्ही कॉलेजच्या दोन आंब्यांच्या नोंदी परीक्षेच्या काळात विसरतो, ते आठवलं.

परतताना महाविद्यालयाच्या फाटकाशी एक वास आला आणि मी थांबले. गोड, जड, थोडा औषधी. वर पाहिलं: सातवीण. काही जण सप्तपर्णी म्हणतात. दिवसभर याच झाडाखालून ये-जा केली होती आणि पत्ता लागला नव्हता, कारण या फुलांना खरा वास दिवे लागल्यावर सुटतो. हिरवट पांढरे छोटे झुबके, प्रत्येक झुबक्याखाली सात पानांचं चक्र. सात म्हणतात, पण मोजलं तर पाच-सहाही निघतात. मुंबईत शरद आलाय याचा यापेक्षा पक्का पुरावा मला नको होता. मी वहीत तारीख आणि वेळ टाकली. सोबतच्या बाई नाकाला रुमाल लावून पुढे गेल्या. हा वास पुष्कळांना सोसत नाही.

मंगळवार

माझा निबंध अकराला होता. बरा झाला. प्रश्न चांगले आले, त्यांतला एक अजून मनात आहे: 'तुमच्या नोंदींत वाऱ्याचा रकाना का नाही?' उत्तर नव्हतं माझ्याकडे.

त्या आनंदात चूक केली. जेवणाची सुट्टी होती, भूक नव्हती, म्हणून एकटीच हुतात्मा चौकाकडे निघाले. फ्लोरा फाउंटन १८६४ चं, आणि शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गेलेल्यांचं स्मारक. हातात मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार. आमच्या शाळेत १ मेला आम्ही या चौकाचं नाव घ्यायचो. प्रत्यक्ष आज पाहिला. मग कडेच्या पुस्तकवाल्यांकडे पुस्तकं चाळत उभी राहिले. वारा पूर्ण पडलेला. दोन वाजत आले होते. डोळ्यांपुढे अक्षरं एकदम पांढरी झाली, तळवे गार पडले, आणि मी तिथल्याच पायरीवर बसले.

पुस्तकवाल्याने ओरडून समोरच्या सरबतवाल्याला बोलावलं. "साखर कमी, मीठ जास्त घाल रे." लिंबू, मीठ, थोडी साखर, पाणी. दुसरा ग्लासही त्यानेच पुढे केला. शेजारी ऑफिसची ओळखपत्रं गळ्यात घातलेल्या दोन मुली थांबल्या. एकीने फाइलने वारा घातला, दुसरीने माझी पिशवी धरली. "मावशी, बाहेरगावच्या ना? या दिवसांत एक ते तीन रस्त्यावर नाही राहायचं," ती म्हणाली. वीस मिनिटांनी उठले. पैसे घ्यायला सरबतवाला तयार होईना, मीच बळेच ठेवले.

त्या मुलीचं वाक्य परिषदेच्या माहितीपत्रकात छापायला हवं होतं. परभणीचं ऊन मी लहानपणापासून पाहते, ४२-४३ अंशांत सायकल चालवलेली आहे, पण तिथे घाम वाळतो. इथे तो अंगावरच राहतो आणि शरीर निवतच नाही. तहान लागायच्या आधी पाणी प्यायचं, हे इथलं शहाणपण.

घरी येऊन सांगितल्यावर आत्या रागावली. "कपडे अडीचला वळले आज! मी इथे बसून म्हणत होते, ही पोरगी कुठे असेल." मग डोक्यावर खोबरेल तेल थापलं आणि ताक प्यायला दिलं.

संध्याकाळी पूर्वेकडून काळं आलं. गडगडाट, विजा, आणि अर्धा तास परतीचा पाऊस, आडवा-तिडवा. कठड्यावरच्या गोधड्या आत घेताना सगळ्या मजल्यांवर एकच धावपळ. ज्यांच्या घरी कुणी नव्हतं त्यांचं वाळवण शेजाऱ्यांनी उचललं. पाऊस थांबल्यावर खाली रस्त्यावर वडापावच्या गाडीभोवती गर्दी, आणि हवा अशी की पंखा बंद करावा. तो गारवा रात्री अकरापर्यंत टिकला.

बुधवार

पहाटे वाळकेश्वरला बाणगंगेवर गेले. आत्या येणार नव्हती, गुडघे दुखतात. तिने सोबत वहिनीला दिलं.

मलबार हिलच्या उंच इमारतींमधून एक उतरती गल्ली जाते आणि शेवटी एकदम तळं समोर येतं. चौकोनी, चारी बाजूंनी पायऱ्या, कडेला दगडी दीपस्तंभ, भोवती देवळं आणि मठ. ११२७ साली शिलाहारांच्या दरबारातल्या लक्ष्मण प्रभूंनी ते बांधलं असं सांगतात, आणि १७१५ मध्ये रामा कामतींनी वाळकेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. रामाने बाण मारून पाणी काढलं ही कथा वहिनीने सांगितली, तिच्या आजीने तिला सांगितली तशी. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर. तरी झऱ्याचं पाणी गोडं.

पायरीवर बसलो. एक भटजी एका कुटुंबाकडून काही विधी करून घेत होते. पितृपक्ष संपून नवरात्र झालं तरी इथे ते चालूच असतं. बदकं या काठावरून त्या काठावर. पाण्यात हळूहळू देवळाचं शिखर उजळलं, मग त्याच्या मागचा तीस-चाळीस मजल्यांचा मनोरा. वहिनी म्हणाली, "मी लग्न होऊन आले तेव्हा हा नव्हता. पाण्यात नुसतं आभाळ दिसायचं." देवळाच्या मागच्या अंगणात पारिजातकाचा सडा होता, नुकताच पडलेला, देठ अजून ओले केशरी. एक आजी परडीत वेचत होत्या. पारिजातकाचं एवढंच फूल असतं जे जमिनीवर पडलेलं देवाला चालतं.

परिषदेच्या शेवटच्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. ठराव झाले, प्रमाणपत्रं झाली, फोटो झाला. वाऱ्याच्या रकान्याचा प्रश्न विचारणाऱ्या बाई कोल्हापूरच्या निघाल्या. दोघींनी मिळून नोंदींचा एकच नमुना करायचं ठरवलं.

आणि रात्री कोजागिरी.

गच्चीवर सात वाजल्यापासून सतरंज्या पडल्या. दुपारपासून तळमजल्यावरच्या जोशीकाकूंच्या... नाव राहू दे, तळमजल्यावरच्या काकूंच्या घरी मोठ्या पातेल्यात दूध आटत होतं. ढवळायला पाळ्या लावल्या होत्या, माझीही एक पाळी लागली. आच मंद, डाव तळाला घासत फिरवायचा, कडेची साय खरवडून परत दुधात सोडायची. दूध पाऊण झालं की साखर. मग केशर, वेलची, जायफळ, बदाम-पिस्त्यांचे काप, चारोळ्या. जायफळ काकूंनी स्वतः किसलं, दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नाही. "जास्त झालं तर सगळी चाळ दहालाच झोपेल. जागायचंय आज."

को जागर्ति? कोण जागं आहे, असं विचारत लक्ष्मी फिरते म्हणतात. साडेआठला चंद्र समोरच्या टॉवरच्या वर आला आणि गच्चीवर चुन्यासारखा प्रकाश पडला. पातेलं मध्यभागी आणलं, झाकण काढलं, दुधात चंद्र दिसेपर्यंत सगळे गप्प. लहान मुलं पातेल्याभोवती डोकी आत घालत होती. "दिसला, दिसला!" मग पेले भरले गेले. वरून गार, आतून कोमट, जाड साय ओठाला लागते तो पहिला घोट मी विसरणार नाही. बायकांनी भोंडल्याची गाणी घेतली, फेर धरला. खिरापत ओळखायला लावली तेव्हा मी तीनदा चुकले. ती कोथिंबीरवडी होती.

वारा समुद्रावरून येत होता, कोरडा नव्हे पण सुखाचा. आत्या भिंतीला टेकून बसली होती. बावन्न वर्षं ती या गच्चीवर कोजागिरी करते आहे. चाळीतल्या चाळीस खोल्यांपैकी चौदांना कुलपं आहेत, इमारत पुनर्विकासाला जायची आहे, कागद फिरताहेत. "नव्या इमारतीतही गच्ची असेल, आत्या," मी म्हटलं.

"असेल गं. पण पातेलं तेविसाव्या मजल्यावर कोण नेणार?" तिने पेला खाली ठेवला. "नेऊ म्हणा. लिफ्ट असेल."

साडेबाराला उठलो.

गुरुवार

गाडी रात्रीची, म्हणून दिवस हातात होता. घारापुरीला जावं की कान्हेरीला? लाँचने समुद्रातून जायचा मोह होता, पण झाडांनी कौल दिला. चर्नी रोडहून बोरीवली. सकाळी गर्दी उलट दिशेला असते, बसायला जागा मिळाली. राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत, तिथे जायला बस आहे.

दीड कोटींच्या वस्तीला लागून हे रान उभं आहे, आणि पावसानंतरचे हे दिवस त्याचे सगळ्यात भरीचे. रस्त्याच्या कडेला गवत डोक्याइतकं, त्यावर फुलपाखरं. ब्लू मॉरमॉन, आपल्या राज्याचं फुलपाखरू, दोनदा दिसलं. काळ्या पंखांवर निळं असं की उडताना ठिणगीसारखं लागतं. सावलीत हवा शहरापेक्षा बरीच सुखद.

कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत, काळ्या बसाल्टात कोरलेली. इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून जवळजवळ हजार वर्षं इथे भिक्षूंची वस्ती होती. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या व्हरांड्यात दोन बाजूंना बुद्धाच्या प्रचंड उभ्या मूर्ती. लोक तिथे फोटो काढतात आणि फिरतात. मी मात्र पोढ्यांपाशी रमले. जवळजवळ प्रत्येक लेण्याशी एक पाण्याचं टाकं, आणि वरच्या कातळावर बोटभर खोल पन्हळ्या, पावसाचं पाणी वळवून टाक्यात सोडणाऱ्या. हात फिरवला की छिन्नीच्या खुणा लागतात. ऑक्टोबरात सगळ्या पोढ्या काठोकाठ. चार महिन्यांचं पाणी आठ महिने पुरवायचं, हा हिशोब त्या भिक्षूंनी दगडात मांडून ठेवला आहे.

नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीत काही लेख आहेत. इराणी वंशाचे, पारशी पाहुणे इथे आले आणि आपली नावं कोरून गेले. तारखा आहेत इ.स. १००९ आणि १०२१ च्या, आणि त्या पडतात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. भिंतीशी उभी राहून मी ते बराच वेळ बघत होते. पाऊस सरला, वाटा वाळल्या, टाकी भरलेली, रान हिरवं, तेव्हाच ते आले. हजार वर्षांपूर्वीच्या पाहुण्यांनाही मुंबई बघायचे दिवस ठाऊक होते. दुपारी ते नक्कीच लेण्यात बसले असतील. मीही साडेबारा ते तीन तिथेच बसले, दगडी बाकावर पाठ टेकून. दगड गार होता.

संध्याकाळी गिरगावात परत. आत्याने डब्यात घावणे आणि ओल्या नारळाची चटणी दिली, तिरफळं पुडीत बांधून दिली, आणि शालीची घडी पिशवीत वर ठेवली. सीएसएमटीवर दादा सोडायला आला. १८८७-८८ मध्ये पुरी झालेली ती इमारत दिव्यांत उजळली होती. दगडात कोरलेली माकडं, मोर, पानं बघत आम्ही गाडी लागेपर्यंत उभे होतो. पानांची जात मला ओळखता आली नाही.

कसारा घाट चढून इगतपुरी आली तेव्हा खिडकीतून एकदम कोरडी थंड झुळूक आली. शाल काढली.

शुक्रवारी दुपारी कॉलेजात नोंदवहीत नवा रकाना आखत होते, वाऱ्याचा, तेवढ्यात वहिनीच्या फोनवरून आत्याचा निरोप आला: "आज अकरालाच वळले."